काळ्या आणि सोड

ग्राउंडवर आता कुणी 'सोड' म्हणत नाही. पास म्हणतात, क्रॉस म्हणतात. माझ्या लेकीचे, रेवाचे कोच तर गळ्यात शिट्टी अडकवून 'स्विच, स्विच' असं काहीतरी ओरडत असतात आणि बारा-तेरा वर्षांच्या त्या पोरींना ते बरोबर कळतंही. श्रावण चालू आहे. पाचगणीच्या या ग्राउंडच्या कडेला मी छत्री धरून उभी आहे. शेजारी घडीच्या खुर्चीवर आप्पा, माझे वडील, बसलेत. गुडघ्यांवर शाल आणि गळ्यात तो लाल-पांढरा मफलर. मफलरशी माझं जुनं वैर आहे, त्याचं पुढे सांगते.

ओल्या निलगिरीचा वास येतोय, तेवढा एक बदललेला नाही. गोलपोस्ट लोखंडाचे झाले. आमच्या वेळी सिल्व्हर ओकचे ओंडके रोवलेले असायचे, बॉल त्यांना लागला की कुणी दार वाजवल्यासारखा आवाज व्हायचा. खालच्या अंगाला स्टाफच्या खोल्या होत्या, तिथे आता गाड्या लावतात. आमच्या चुलीच्या जागेवर सांगलीहून आणलेली आमची गाडी उभी आहे. टेबललँडच्या घोड्यांचे घुंगरू इथवर ऐकू यायचे, आज नुसते हॉर्न. लाल मातीही तशीच आहे. सकाळीच रेवाच्या पांढऱ्या मोज्यांकडे बघून मी म्हटलं, हे आता पांढरे व्हायचे नाहीत. माझे कधी झाले नाहीत.

आप्पा सैन्यातून लवकर सुटून आले. रेजिमेंटच्या टीममध्ये ते फॉरवर्ड खेळायचे. इथल्या एका बोर्डिंग शाळेत त्यांना ग्राउंडवरचं काम मिळालं. रेषांवर चुना टाकायचा, जाळ्या बांधायच्या, मुलांना पळवायचं. संध्याकाळी बोर्डिंगची पोरं आंघोळीला गेली की तासभर ग्राउंड आमचं, म्हणजे स्टाफच्या पोरांचं. ड्रायव्हरचाचांचा नौशाद, माळ्याची दोन पोरं, स्वयंपाकघरातल्या मावशींचा एक, आणि मी. मुलगी मी एकटीच होते, आणि सगळ्यांत चांगली खेळायचे. हे मी आज सांगतेय असं नाही, तेव्हाही सांगत होते.

आप्पा घरात कमी बोलायचे आणि ग्राउंडवर त्याहून कमी. टचलाइनला हात मागे बांधून उभे. नौशादला कधीतरी 'मार', माळ्याच्या पोरांना 'पळ'. माझ्या वाट्याला मात्र एकच शब्द. बॉल माझ्या पायात आला रे आला की पलीकडून आवाज यायचा, "सोड!" एकाला चुकवलं की, "सोड की!" दुसऱ्याला चुकवलं की, "आगं, सोड!" म्हणजे बॉल सोड, दुसऱ्या कुणाला दे, एकटीच नाचवत बसू नको. मी सोडायचे नाही. दुसऱ्या कुणाला हा शब्द ऐकावा लागत नसे, कारण दुसऱ्या कुणाच्या पायात बॉल तेवढा वेळ टिकायचाच नाही. पण मला ते कौतुक कसं वाटावं? मला ते रोज संध्याकाळचं रागावणं वाटायचं.

आणि अशात एका जूनमध्ये तो आला.

शाळेत आयर्लंडहून एक जोडपं आलं होतं. बाई पियानो शिकवायच्या, साहेब गणित. त्यांचा मुलगा माझ्याहून वर्षभराने लहान. केस गाजराच्या रंगाचे, आणि कातडी इतकी गोरी की तासभर उन्हात उभा राहिला तर नाकाचं साल निघायचं. पहिल्याच संध्याकाळी तो ग्राउंडवर येऊन उभा राहिला. आप्पांनी विचारलं, "नाव काय रं तुजं?"

तो म्हणाला, "काहल."

आप्पांनी ते दोनदा तोंडात घोळवून पाहिलं आणि म्हणाले, "बरं. काळ्या."

अख्ख्या पाचगणीत त्याच्याइतकं गोरं पोर दुसरं नव्हतं. आम्ही पोट धरून हसलो. त्याला वाटलं, त्याचं नाव या देशात असंच म्हणत असणार, आणि तो 'काळ्या'ला ओ द्यायला लागला.

त्याच संध्याकाळी त्याचीही एक गफलत झाली. खेळ संपल्यावर तो माझ्यापाशी आला, मोठ्या माणसांसारखा हात पुढे केला आणि म्हणाला, "सोड?" आधी मला कळलंच नाही. मग कळलं. तासभर माझ्या पायात बॉल आणि तासभर माझ्या बापाच्या तोंडी एकच शब्द, मग ते माझं नावच नाही तर काय? नौशाद लोळायचा बाकी होता. तोंड सरळ करून म्हणाला, "व्हय व्हय. सोड. सोडच." पुढे दोन वर्षं काळ्या मला सोड म्हणत राहिला, आणि आमच्यापैकी कुणीही त्याला खरं काय ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गंमत गेली असती.

गंमत तशी पहिल्या महिन्यातच गेली होती, माझ्यापुरती. कारण आप्पांनी काळ्याला हाताशी धरलं.

त्याचा डावा पाय कच्चा होता. आप्पांनी काय करावं? त्याच्या उजव्या पायातला बूट काढून घेतला आणि नुसत्या मोज्यावर त्याला उभं केलं. आता मार म्हणाले. जड, ओला बॉल. उजव्याने मारलं तर अंगठा ठणकणार, म्हणजे डावा आलाच. बाकीचे सगळे घरी गेल्यावर हे चालायचं, दिवे लागेपर्यंत. आणि आप्पा त्याच्याशी बोलायचे! फौजेतल्या हिंदीत, फौजेतल्या इंग्रजीत. "लेफ्ट, बेटा, लेफ्ट. अब फिरसे." आणि बॉल नीट बसला की, "शाबास!"

शाबास. हा शब्द आप्पांकडे आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी ग्राउंडच्या भिंतीवर बसून ऐकायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं, आई ओवा द्यायची. घरामागच्या चिंचोळ्या अंगणात मीही मग एक चप्पल काढून ठेवली आणि डाव्या पायाने भिंतीवर मारत बसले. मला कुणी बेटा म्हटलं नाही. पण पाय तयार झाला. आजही स्वयंपाकघरातलं सिलिंडर मी डाव्या पायानेच सरकवते.

काळ्याचं आणखी एक मला खटकायचं. गोल मारला की तो आधी आमच्याकडे बघायचाच नाही. वर शाळेच्या इमारतीकडे बघायचा, कोपऱ्यावरच्या एका खिडकीकडे. ती गणिताच्या साहेबांच्या खोलीची खिडकी. ती बंद असायची. मग मान खाली घालून तो परत यायचा. मला वाटायचं, काय ही ऐट.

पाऊस लागला की घरांच्या भिंती गवताने झाकून टाकायचे, आणि आत दिवसासुद्धा दिवा लागायचा. शेगडीवर तार बांधलेली असायची आणि तारेवर मोजे. त्या मोज्यांचा, कोळशाचा आणि लसणीच्या फोडणीचा असा एक मिळून वास होता, तो मला पुन्हा कुठे भेटला नाही. आप्पा उंबऱ्याशी बसून बॉलला गोडेतेल चोळायचे. शिवणीशिवणीतून बोट फिरवायचे. पंपाच्या सुईला थुंकी लावून ती आत सारायची, हे काम माझं होतं. काळ्या आल्यावर ते काम काळ्याचं झालं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, आठवत नाही. एका संध्याकाळी मी हात पुढे केला तर सुई त्याच्या हातात होती.

तो आमच्या घरी जेवायचा. आईने त्याला भाकरीवर लोणी द्यावं, त्याने वर मिरचीचा खर्डा घ्यावा, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढावं आणि पुन्हा ताट पुढे करावं. आई खूश. एकदा माझ्या वाटणीची साय तिने त्याच्या भातावर घातली. मी तोंड फुगवलं तर म्हणाली, "असू दे गं. परक्या मुलखातलं लेकरू हाय."

मी म्हटलं, "आन मी कुठल्या मुलखातली?"

आप्पा जेवता जेवता हसले. काळ्याही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी.

धुकं यायचं ते दरीतून वर चढत यायचं. आधी खालच्या बाजूचा गोल जायचा, मग मधली रेष, मग आपलेच बूट. तरी आम्ही खेळायचो. बॉल दिसायचा नाही, ऐकू यायचा. पाण्यातून घासत येणारा त्याचा आवाज ओळखून पाय घालायचा. आणि त्या पांढऱ्या धुक्यातूनही आप्पांचा आवाज यायचाच, "सोड!" याची मला विशेष चीड होती. त्यांना काही म्हणजे काही दिसत नसायचं. बॉल कुणाकडे आहे हे न बघताच दोष मात्र माझ्या नावावर. एकदा बॉल खरोखरच माझ्याकडे नव्हता. मी कमरेवर हात ठेवून धुक्यात ओरडले, "आप्पा, माज्याकडं न्हाई!"

 पलीकडून आवाज आला, "मग घे की!"

दोन वर्षांनी, एका एप्रिलमध्ये, ती मंडळी परत गेली. टॅक्सी उभी होती, आई ओल्या डोळ्यांनी मेतकुटाची बरणी कापडात बांधत होती. आप्पांनी काळ्याला निरोपाची भेट काय दिली असेल? आमचा बॉल. तेल पाजून पाजून काळा झालेला, मी ज्याच्यावर डावा पाय तयार केला तो बॉल. टॅक्सी सुटली तेव्हा सगळे हात हलवत होते. मी घरात होते. मला गृहपाठ होता.

पुढच्या पावसात एक दिवस मी ग्राउंडवर गेले नाही. मग दुसऱ्या दिवशीही गेले नाही, आणि मग गेलेच नाही. आई काहीतरी म्हणाली असेल, माझी उंची वाढली असेल, ओढणी आली असेल, आता नीट आठवत नाही. एवढं आठवतं की आप्पा काही म्हणाले नाहीत. संध्याकाळी खिडकीत बसून भूगोल वाचताना वरून नौशादचा आवाज ऐकू यायचा, बॉलचा यायचा. 'सोड' ऐकू यायचं नाही.

काळ्याच्या आईचं नाताळाला कार्ड यायचं, आत फोटो. हिरवं ग्राउंड, ढगाळ आभाळ आणि मध्ये दरवर्षी उंच होत गेलेला काळ्या. मग कार्डातून कळलं की त्याला इंग्लंडमधल्या एका मोठ्या क्लबाने पोरांच्या टीममध्ये घेतलं. आप्पांनी तो फोटो देवांच्या फळीवर ठेवला. आईने तो काढून घड्याळाखाली लावला, पण हळद-कुंकू तोवर लागून गेलं होतं.

मी साताऱ्याला कॉलेजात होते. तिथल्या सायबर कॅफेत बसून त्याचं नाव शोधायचे. आप्पांसाठी शोधते, असं सांगायचे. खरं म्हणजे आप्पा विचारायचे त्याहून कितीतरी जास्त मी बघायचे. माणूस ज्याच्यावर जळतो त्याची जेवढी खबर ठेवतो तेवढी मायेच्या माणसाचीही ठेवत नाही. मोठ्या क्लबाने काळ्याला ठेवलं नाही, हे आप्पांच्या आधी मला कळलं. तेव्हा बसस्टँडवर मी उसाचा रस प्यायले, आलं-लिंबू घालून.

पण तो संपला नाही. दुसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या एका क्लबाने घेतला, स्ट्रायकर म्हणून. तिथून त्याला तिसऱ्या दर्जाच्या क्लबाला उसना दिला. खेळाडू असे उसने देतात, हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा आई हळहळली. "वाटीभर साखर दिल्यागत? आन माघारी कवा देत्यात?" एका हिवाळ्यात तिथे त्याचे गोलामागून गोल झाले, डाव्या पायाचे. त्या गावच्या लोकांनी त्याच्यावर गाणं केलं. आप्पा मला फोनवर विचारत होते, "गाण्यात काय हाय?" आणि मी सांगत होते, "कळत न्हाई, आप्पा, लय गोंगाट हाय." कळत होतं सगळं.

लग्न होऊन मी सांगलीला आले. आई गेली, मग आप्पा आमच्याकडे राहायला आले. विश्रामबागेतल्या आमच्या बैठकीत शनिवारची संध्याकाळ काळ्याची. बारक्या क्लबांच्या मॅच टीव्हीवर दाखवत नाहीत, फोनवर नुसती अक्षरं सरकतात: कॉर्नर, फाउल, बदली खेळाडू. आप्पा ती अक्षरं माझ्याकडून वाचून घ्यायचे, डोळे मिटून. "काळ्या हाय का आज?"

"बेंचवर हाय," मी म्हणायचे, आणि माझा आवाज जरा गोडच व्हायचा. एकदा त्याची पेनल्टी हुकली, त्याच पेनल्टीने क्लब खालच्या लीगमध्ये घसरला. त्या दिवशी मी केळं घालून शिरा केला. आप्पांनी विचारलं, "आज काय हाय गं?" मी म्हटलं, "सहज."

आयर्लंडकडून तो एकदाच खेळला, अगदी शेवटची काही मिनिटं. माझ्या नवऱ्याने कुठूनतरी फोनवर ती मॅच लावून दिली. आधी त्यांचं राष्ट्रगीत झालं, तेव्हा आप्पा खुर्चीतून उठून सावधान उभे राहिले. परक्या देशाच्या गाण्याला. काळ्या मैदानात आला तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शिट्टी झाली तोवर बॉल एकदाही त्याच्यापर्यंत आला नव्हता. माझ्या लग्नात आप्पांचे डोळे कोरडे होते. पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते बघत होते.

त्यानंतर त्याने एक मफलर पाठवला, क्लबाचा, लाल-पांढरा. सांगलीच्या उकाड्यात आप्पा तो पंख्याखाली गुंडाळून बसायचे. पुराच्या वर्षी पाणी चौकापर्यंत आलं आणि आम्ही मिळेल ते उचलून जावेच्या घरी गेलो. आप्पा औषधांची पिशवी विसरले, मफलर नाही. मी तो दोनदा गरम पाण्यात धुतला, आटावा म्हणून. आटला नाही.

मग गुडघा गेला त्याचा. स्कॉटलंडमध्ये दोन क्लब झाले, मग तो आपल्या गावी परतला. अक्षरांतून त्याचं नाव उशिरा उशिरा यायला लागलं, बदली म्हणून. आणि या वर्षी उन्हाळ्यात त्याने खेळणं थांबवलं. रेवाने फोनवर दाखवलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी नुसतीच बराच वेळ मेथी निवडत बसले. आता शनिवारी काय करायचं, हेही मनात आलं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार सकाळ, पोहे झालेले. रेवा म्हणाली, "आई, तुमच्या काळ्याची मुलाखत आलीये." तिने फोन डब्याला टेकवून ठेवला. केस अजून गाजराच्या रंगाचे, पण पातळ. डोळ्यांभोवती सुरकुत्या. तो गुडघ्याबद्दल बोलला, त्या गाण्याबद्दल बोलला, हुकलेल्या पेनल्टीबद्दल बोलला. मी पोह्यांवर आणखी लिंबू पिळलं. मग विचारणाऱ्याने विचारलं, "इतक्या लोकांबरोबर खेळलास. सगळ्यात चांगला स्ट्रायकर कोण?"

तो लगेच म्हणाला, "सोड."

विचारणाऱ्याला वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. तो पुन्हा म्हणाला, सावकाश, ओ लांबवत, अगदी तसाच. "सोड. भारतात, डोंगरावरच्या एका गावात. एक मुलगी होती. मला बॉल म्हणून द्यायची नाही." तो हसला. मग हसायचा थांबला.

"तिचे वडील कडेला उभे असायचे," तो सांगत होता. "तिच्या पायात बॉल आला की ते तिच्या नावाने हाक मारायचे. प्रत्येक वेळी. सोड! सोड! धुकं असलं, समोरचं काही दिसत नसलं, तरी त्यांना ती कुठे आहे ते कळायचं आणि ते हाक मारायचे. पुढे भरलेल्या स्टेडियममध्ये लोकांनी माझं नाव घेतलं, माझ्यावर गाणं केलं. पण तसं नाव माझं कुणी घेतलं नाही. माझे वडील मला बघायला कधी आले नाहीत. खिडकी उघडली असती तरी दिसलो असतो. मला त्या मुलीचा फार हेवा वाटायचा. अजूनही वाटतो, खरं सांगायचं तर."

रेवाने माझ्याकडे बघितलं. "आई, सोड कोण?"

आप्पांना ते इंग्रजी झेपलं नव्हतं. "काय म्हंतोय त्यो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. शब्दाला शब्द लावून सांगितलं, मध्ये दोनदा थांबून. आप्पा ऐकत होते, आणि मग इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "आयला! त्येला कुणी सांगितलंच न्हाई व्हय?"

मला हसू येईना. इतकी वर्षं मी इकडे जळत होते आणि तो तिकडे. उसाचा रस, शिरा, गरम पाण्यातला मफलर, सगळं वाया. आणि तरी माझं तेवढ्याने भागलं नाही. मी भांडायला बसल्यासारखी आप्पांसमोर बसले.

"आप्पा, त्येला तुमी शाबास म्हणायचा. मला कवा म्हणला न्हाई."

आप्पांनी मफलरच्या टोकाने डोळे पुसले. "त्येला म्हणायला लागायचं, पोरी. त्येचं कोण हुतं बघाय?"

"आन मला?"

"तुला काय म्हणू? बॉल तुज्याकडंच असायचा की."

"सारखं सोड, सोड, सोड. दुसरा शब्दच न्हाई."

आप्पांनी मफलर मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. रेवा फोन घेऊन आत गेली. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग आप्पा म्हणाले, "मी बॉल सोड म्हणत हुतो. तू ग्राउंडच सोडलंस."

इतकंच. त्यात राग नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हते, पंख्याकडे बघत होते. मी उठून पोह्यांच्या बश्या गोळा केल्या आणि नळ मोठा सोडून घासत बसले.

म्हणून रेवाच्या टीमची स्पर्धा पाचगणीला आहे, आणि तीही याच ग्राउंडवर, असं कळलं तेव्हा मी आप्पांना विचारलंही नाही. स्वेटर काढले, खुर्ची गाडीत टाकली. कऱ्हाडच्या अलीकडे मलकापुरात चहा घेतला, पसरणीच्या घाटात आप्पांना काच खाली करून दिली. प्रत्येक वळण त्यांनी आधी ओळखलं. ग्राउंडवर आल्यावर त्यांनी चप्पल काढून एक पाय लाल चिखलात ठेवला आणि परत चप्पल घातली. वर कोपऱ्यावरची ती खिडकी अजून आहे. आज उघडी होती, कुणाचे तरी टॉवेल वाळत होते.

दुसऱ्या हाफला धुकं चढलं. आधी खालचा गोल गेला, मग मधली रेष. कोच म्हणाले, दहा मिनिटं उरलीत, खेळवून घेऊ. पोरी धुक्यात शिरल्या. बॉल पाण्यातून घासत जात होता. तो आवाज तसाच आहे, तोही बदललेला नाही, हे मी मघाशी विसरले. तो एकाच पायात रेंगाळत होता, सुटत नव्हता. कुणाच्या पायात ते मला न बघता कळलं. कोच ओरडले, "रेवा, पास! पास!" बॉल काही सुटला नाही.

मी पाठमोरी होते, थर्मासमधून आप्पांसाठी चहा ओतत होते. मागे खुर्ची कुरकुरली. वळून बघायच्या आत, त्या पांढऱ्या धुक्यात, छातीतून निघालेला तो जुना आवाज आला.

"सोड!"

मी थर्मास खाली ठेवला.

"ओ, आप्पा," मी म्हणाले.